टिली मावशीचे सत्तर सेकंद

वेसकाका चौथ्या मिनिटाला म्हणाला, "काय सुंदर सकाळ आहे," आणि त्या दिवसाची पहिली मेणाची चकती वाया गेली.

काचेपलीकडे चकत्या कापणाऱ्या हॉब लेन्झने हात वर केला. क्विगली बंधूंनी फिडल आणि गिटार मांडीवर ठेवली. मी स्टॉपवॉच थांबवलं. तीन मिनिटं बावन्न सेकंद.

"अरे, बाहेर सकाळच आहे ना?" वेस म्हणाला.

"बाहेर आहे. तबकडीत नाही."

"फिच, तुला पगार शब्द लिहायचा मिळतो की शब्द पकडायचा?"

"दोन्हीचा मिळून एकच मिळतो."

आमची तबकडी टपालाने एकतीस रेडिओ केंद्रांवर जाई. कुठे ती पहाटे पाचला वाजे, कुठे जेवणाच्या वेळी, आणि एका केंद्रावर तर रात्री कुस्त्यांच्या वर्णनाआधी. त्यामुळे सकाळ, संध्याकाळ, आज, उद्या, ऊन, पाऊस या शब्दांना स्टुडिओत बंदी होती. यादी मी टाइप करून मायक्रोफोनच्या दांड्याला चिकटवली होती. वेसला ती दीड वर्षात दिसली नव्हती.

हॉबने खराब झालेली चकती उचलून बाजूला ठेवली. या चकत्या जाड मेणाच्या, मोठ्या परातीएवढ्या. कापणारी सुई एकदा टेकली की पंधरा मिनिटं थांबायचं नाही. चूक झाली तर खोडता येत नाही, आणि नीट झालंय का ते लावून ऐकताही येत नाही, कारण ऐकण्याच्या सुईने मेण खरवडलं जातं. म्हणून दोन यंत्रांवर एकाच वेळी दोन चकत्या कापायच्या. चकत्या आदल्या रात्रीपासून गरम कपाटात ठेवाव्या लागत. त्या शुक्रवारी सहा कार्यक्रम होते आणि कपाटात आठ जोड्या.

"हॉब, किती उरल्या?" ऑर्गनमागून आयडेलाने विचारलं.

"सात."

"कार्यक्रम सहा."

"हो. म्हणजे वेसला अजून एकदा सकाळ दिसली तरी चालेल."

आयडेला रस्कने याआधी कधी चकत्यांची चौकशी केली नव्हती. मी ते लक्षात घेतलं आणि विसरलो.

हा १९३५ चा ऑगस्ट. शिकागोतल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आम्ही दर दुसऱ्या शुक्रवारी रेड गेट कोंबडीखाद्य कंपनीसाठी पंधरा पंधरा मिनिटांचे सहा कार्यक्रम मेणात उतरवत असू. कार्यक्रम एका शेतकऱ्याच्या अंगणात घडे. अंगणाचा मालक वेसकाका, म्हणजे वेस्ली डॉर्न. तो ट्रामच्या कंडक्टरचा मुलगा, जन्म शिकागोचा, आणि त्याला अंडी सोसत नसत. क्विगली बंधू त्याचे शेजारी. मी संहिता लिहायचो आणि घड्याळ सांभाळायचो. त्याआधी अकरा वर्षं मी एका दैनिकात होतो. दैनिक बंद पडलं.

आयडेला कार्यक्रमात नव्हती. म्हणजे तिचा ऑर्गन होता, ती नव्हती. पहिल्याच आठवड्यात जाहिरात कंपनीच्या मिस्टर पेलनी विचारलं होतं, अंगणात ऑर्गन कुठून आला, आणि तो वाजवतं कोण? टाइप करायला माझ्याकडे वीस मिनिटं होती. मी लिहिलं: ऑर्गन दिवाणखान्यात आहे, खिडकी उघडी आहे, वाजवणारी वेसकाकाची टिली मावशी, वय बहात्तर, स्वभाव लाजाळू, परक्यांसमोर बोलत नाही. पेलना ती फार आवडली. ऐकणाऱ्यांनाही आवडली. टिली मावशीला पत्रं येऊ लागली, मग मुरांबे, मग लोकरीचे मोजे. मोजे आयडेला वापरायची. ती सत्तेचाळीस वर्षांची होती, दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढायची आणि लाजाळू तर मुळीच नव्हती.

प्रत्येक कार्यक्रमात आठ मिनिटं दहा सेकंदांनी वेस म्हणे, "आता तुमच्या गावच्या रेड गेट दुकानदाराचं नाव ऐका." त्यानंतर सत्तर सेकंद नुसता ऑर्गन, तोही हळू. तबकडी वाजवणाऱ्या केंद्राचा निवेदक त्या ऑर्गनवर गावातल्या दुकानाची जाहिरात वाचायचा. एकतीस गावं, एकतीस दुकानदार, खाली सूर एकच.

पहिल्या दिवशी मी आयडेलाला म्हटलं होतं, "सत्तर सेकंद काहीही वाजव. कोणी ऐकणार नाही."

"मला जमेल ते," ती म्हणाली होती.

तिने वाजवलं आणि माझ्या घड्याळात बरोबर सत्तर झाले. दुसऱ्या वेळीही सत्तर. मी विचारलं, घड्याळ न बघता हे कसं? तेव्हा कळलं की ती पीओरियातल्या एका थिएटरात सोळा वर्षं मूकपटांना ऑर्गनची साथ करत होती. थिएटरात प्रक्षेपणाचं यंत्र एकच. एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत पडदा काळा. ऑपरेटरला त्याला सत्तर सेकंद लागत. लोक खोकत, पोरं रडत, आणि अंधारात कोणी गोंधळ घालू नये म्हणून आयडेला ही धून वाजवे. तिनेच बसवलेली. तिला नाव नव्हतं. धून संपली की दिवा लावल्यासारखं पुढचं रीळ सुरू. मग बोलपट आले, थिएटरवाल्याने दुसरं यंत्र घेतलं आणि ऑर्गन एका चर्चला विकला.

आमच्याकडे तिने ती धून दोनशे सोळा वेळा वाजवली होती. शेवटी शेवटी मी त्या सत्तर सेकंदांत घड्याळाकडे बघतही नसे. पुढचं पान शोधून ठेवत असे.

नेब्रास्कातल्या वेल्बी या गावी जूनच्या अखेरीस रेड गेटच्या दुकानदाराने दुकान बंद केलं. तिथल्या केंद्राचा निवेदक मर्ल टॅकेट. वाचायला त्याच्याकडे काही उरलं नाही. त्याने स्वतःचं काही घातलं नाही, आवाजही कमी केला नाही, तबकडी तशीच चालू ठेवली. सात आठवडे वेल्बी आणि आसपासच्या लोकांनी ती धून उघडी ऐकली. कंपनीकडे एकेचाळीस पत्रं आली. सगळ्यांचा प्रश्न एकच होता: मधे वाजतं ते गाणं कोणतं आणि ते कुठे मिळेल?

पेल त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी पत्रांचा गठ्ठा घेऊन सरावाला आले. उन्हाळी सूट, गळ्यापर्यंत घाम, चेहरा मात्र वाढदिवसाचा.

"टिली मावशीने कमाल केली!" ते म्हणाले. "आपण ती धून छापायची. दोन पोत्यांवरचे लाल शिक्के कापून पाठवा, मावशीचं गाणं घरपोच. फिच शब्द लिहील. वेस गाईल. वर्तमानपत्रांत जाहिरात लावूनही टाकली मी."

"शब्द कशावर?" मी विचारलं.

"कोंबड्यांवर. आणि थोडं आईवर."

आयडेला ऑर्गनच्या स्टुलावर आडवी बसली होती. "छापील कागदावर नाव कोणाचं?"

"मावशीचं! फोटोही टाकू. आमच्या शेजाऱ्यांची आई आहे, अगदी तशीच दिसते."

"आणि माझं?"

"तुझं कुठे?" पेलनी विचारलं. ते चिडून बोलले नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"खाली कुठेतरी. बारीक अक्षरात. मुंगीएवढ्या."

"आयडेला, अगं, तुझं नाव टाकलं तर मावशी कोण? लोक त्या बाईला मोजे विणून पाठवतात. आपण तिला मारून टाकायचं का?"

"मोजे मला घट्ट होतात. धून माझी आहे."

"स्टुडिओत वाजतं ते कंपनीचं. करार वाचलास ना?"

"वाचलाय."

"मग झालं."

"मी पैसे मागत नाहीये, मिस्टर पेल. नाव मागतेय. एकदाच."

"नावाचंच तर जमत नाही," पेल म्हणाले, आणि वेसला कोणत्या पट्टीत सोपं जाईल ते विचारायला वळले.

ते गेल्यावर आयडेला जिन्यात सिगारेट ओढत उभी होती. मी बाजूला जाऊन उभा राहिलो.

"तुझी ती मावशी," ती म्हणाली.

"वीस मिनिटं होती माझ्याकडे."

"बहात्तरच्या जागी सत्तेचाळीस लिहायला जास्त वेळ लागला असता?"

"पेलना म्हातारी हवी होती."

"निदान सिगारेट तरी ओढू द्यायचीस तिला."

मी वर जाऊन कोंबड्यांवर तीन कडवी लिहिली. आईवर एक.

तर शुक्रवार. पंख्याची घरघर मेणात उतरते म्हणून पंखे बंद. खिडक्यांवर घोंगड्या. तिसऱ्या कार्यक्रमाच्या अकराव्या मिनिटाला धाकट्या क्विगलीच्या गिटारची तार तुटली. आवाज असा आला की वेसने मान खाली घातली.

"गोळी कोणी घातली?" थोरला क्विगली म्हणाला.

"दोन जोड्या गेल्या," हॉब म्हणाला. "आता चुकायचं नाही कोणी. चार कार्यक्रम, चार जोड्या. नवीन मेण तापायला उद्या सकाळ उजाडेल."

"सकाळ म्हणू नकोस, यादीत आहे," वेस म्हणाला. कोणी हसलं नाही.

जेवायला हॅमची सँडविचं आणि बर्फाची कॉफी होती. धाकटा क्विगली जमिनीवर आडवा झाला. वेसने बूट काढले, त्याचे पाय सुजले होते. आयडेला सँडविच हातात धरून गरम कपाटापाशी गेली आणि दार उघडून आत बघून आली.

"विश्वास नाही का माझ्यावर?" हॉब म्हणाला.

"आहे. तरी बघितलं."

चौथा नीट झाला. पाचवा झाला. सहाव्याला आम्ही दुपारी तीन पन्नासला उभे राहिलो. कार्यक्रम क्रमांक दोनशे बावीस. यातच वेस गाण्याची घोषणा करणार होता, म्हणून पेल स्वतः येऊन काचेपलीकडे हॉबशेजारी बसले होते. चकत्या पाच चाळीसच्या गाडीने न्यू जर्सीच्या कारखान्यात जायच्या होत्या; त्या मेणावरून केंद्रांसाठीच्या तबकड्या तिथे ठोकत. तिथे आमची पाळी आठवड्यातून एकदाच. गाडी चुकली की पुढचा शुक्रवार, आणि वर्तमानपत्रांतली जाहिरात तर सोमवारी येणार होती.

हॉबने सुई टेकवली. मी घड्याळ सुरू केलं. हा कार्यक्रम तबकडीवरून ऐकवला जात आहे, हे कायद्याचं वाक्य. मग फिडल. मग वेसचं हसणं. पाचव्या मिनिटाला त्याने पोत्यांवरच्या शिक्क्यांचं सांगितलं, काही अडखळला नाही. आठ दहाला म्हणाला, "आता तुमच्या गावच्या रेड गेट दुकानदाराचं नाव ऐका."

आयडेलाने धून सुरू केली. मी पान उलटत होतो.

"ही धून माझी आहे," ती म्हणाली. "माझं नाव आयडेला रस्क. पीओरिया, इलिनॉय."

ऑर्गनसमोरच्या मायक्रोफोनकडे ती थोडी वाकली होती, एवढंच. पाय भात्यावर चालू, हात पट्ट्यांवर चालू. पोस्टाच्या खिडकीत पत्ता सांगावा तशी ती बोलली, आणि मग सरळ बसून वाजवत राहिली.

काचेपलीकडे पेल उभे राहिले. त्यांचा हात वर गेला होता. हॉबने यंत्राच्या दांड्यावर हात ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. आवाज येत नव्हता, पण त्याचे ओठ मला वाचता आले: थांबवू? पेलनी गरम कपाटाकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पुन्हा कपाटाकडे. कपाट रिकामं होतं. क्विगली बंधू जमिनीकडे बघत होते. वेस हातात गाण्याचा कागद घेऊन माझ्याकडे बघत होता आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होता.

मी वेसला बोटांनी दाखवलं: वीस सेकंद. दहा. पाच.

नऊ वीसला धून संपली. पेलनी हात खाली घेतला.

"तर मंडळी," वेस म्हणाला, आणि कोंबड्यांचं गाणं शेवटपर्यंत गायला.

चौदा मिनिटं तीस सेकंदांना हॉबने सुई उचलली. पेल दार उघडून आत आले. ते ओरडतील असं वाटलं होतं. पण त्यांनाही गरम झालं होतं.

"हे संहितेत होतं?" त्यांनी मला विचारलं.

"संहितेत सत्तर सेकंद ऑर्गन आहे."

"मी वाजवलं ना सत्तर सेकंद?" आयडेला म्हणाली.

"वाजवलं," मी म्हटलं. "बरोबर सत्तर."

"पुन्हा करायचं तर उद्या सकाळी नऊला," हॉब म्हणाला. "गाडी आजच सुटते."

वेस खुर्चीत बसून बूट काढत होता. "मी आज पुन्हा कोंबड्यांवर गाणार नाही. पेल, तूच गा. सोपं आहे, आईच्या कडव्याला तेवढा वर जा."

पेलनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. बराच वेळ पुसली. "ऐकणार कोण आहे?" शेवटी ते म्हणाले. "तिथे दुकानदाराची जाहिरात वाचतात. फिच, केंद्रांना सूचनापत्रक काढ. ठळक अक्षरात. क्रमांक दोनशे बावीस, स्थानिक वाचन पहिल्या सेकंदाला सुरू करावे, ऑर्गनचा आवाज कमी ठेवावा."

"वेल्बीत दुकानदार नाही," आयडेला म्हणाली.

"वेल्बीत मागच्या सोमवारी नवा दुकानदार नेमला," पेल म्हणाले.

ती झाकण लावत होती, तिचे हात तिथेच राहिले. तिने चकत्या मोजल्या होत्या, गाडीची वेळ बघितली होती, पण हे तिला माहीत नव्हतं. मला होतं. केंद्रांची यादी दर मंगळवारी माझ्याकडे येई. तिने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि झाकण लावलं.

सूचनापत्रक मी त्याच संध्याकाळी टाइप केलं, ठळक अक्षरात, पेलनी सांगितलं तसंच. एकतीस प्रती. आयडेलाने पुढच्या खेपेला चकत्यांची चौकशी केली नाही. धून सत्तर सेकंदच वाजवली. टिली मावशीचं गाणं छापून आलं, वर पेलच्या शेजाऱ्यांच्या आईचा फोटो, जाळीची कॉलर आणि डोळ्यांत देवभोळेपणा. सप्टेंबरअखेर नऊ हजार लोकांनी शिक्के पाठवले. त्यातली एक प्रत मी आयडेलाच्या ऑर्गनवर ठेवलेली बघितली. कॉफीच्या कपाखाली होती.

ऑक्टोबरमध्ये स्टुडिओच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. वर टिली मावशीचं नाव नव्हतं. मिस आयडेला रस्क, असं स्वच्छ टाइप केलं होतं. आम्ही सहावा कार्यक्रम संपवून बसलो होतो. तिने पाकीट फोडलं, उभ्यानेच वाचलं आणि कागद माझ्याकडे दिला.

पत्र वेल्बीच्या मर्ल टॅकेटचं होतं. नमस्कार वगैरे झाल्यावर त्याने लिहिलं होतं:

"क्रमांक दोनशे बावीससोबत आलेल्या पत्रकात वाचन पहिल्या सेकंदाला सुरू करण्याची सूचना आहे. ती मिळाली. आमच्या केंद्रातलं घड्याळ आठ सेकंद मागे आहे, ही जुनी तक्रार असून ते दुरुस्त करायला अद्याप कोणाला सवड झालेली नाही. त्यामुळे मी वाचायला आठ सेकंद उशीर करतो. ही तबकडी आम्ही दोनदा वाजवली. नवीन दुकानदाराची काही तक्रार नाही, त्या वेळी तो गिऱ्हाइकांत असतो. तीन बायकांनी आणि इथल्या दातांच्या डॉक्टरांनी तुमच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. मी आर, यू, एस, के असं सांगितलं आहे. चुकलं असल्यास कळवावं. जुलै आणि ऑगस्टमध्ये मी वाचायला काही नसताना गप्प बसलो होतो. ते मी मुद्दाम केलं होतं. या सूचनेनंतर तसं करता येत नाही."

वेसने हात पुढे केला, पत्र वाचलं आणि हॉबकडे दिलं. हॉबने ते भिंगाखाली धरायचं तसं डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"आठ कशाला?" आयडेला म्हणाली. "सहात झालं होतं माझं."

"वरचे दोन धुनेसाठी ठेवले असतील," मी म्हटलं.

तिच्या पायांत कोणाच्या तरी आजीने विणलेले राखाडी मोजे होते, टाचेपाशी ताणून फाटलेले. तिने माझ्याकडून एक कार्ड मागून घेतलं, ऑर्गनच्या झाकणावर ठेवलं आणि लिहिलं:

स्पेलिंग बरोबर आहे.

खाली पूर्ण नावाने सही केली, आणि मला विचारलं की टपालपेटी शेवटची किती वाजता उघडतात.